माझ्या पोरीला श्वास पुरत नव्हता

शेवंती जेवता जेवता झोपायची. घास तोंडात तसाच, बोटं भातात आणि मान हळूहळू खाली. मी गालाला हात लावला की दचकून जागी व्हायची, घास गिळायची आणि पुन्हा डोळे मिटायची. सुरुवातीला घरात हसू व्हायचं. "राजाची पोरगी बघा, जेवायचा सुदीक कंटाळा," असं तिची आज्जी म्हणायची. पुढं पुढं कुणी हसेनासं झालं.

तेव्हा ती सहा-सात वर्षांची असेल. तिच्या आधीचा मुलगा तापात गेला होता, त्यामुळं ती एकुलती.

माझं माहेर खानापूरचं. वडिलांचं दुकान होतं, म्हणून मला मराठी चौथीपर्यंत शाळेत घातलं. लग्न होऊन कुंभारवाड्याजवळच्या एका वाडीत आले. मोजकी घरं, चारी बाजूंनी रान, खाली भाताची खाचरं. घरात मी, शेवंतीचे वडील, शेवंती आणि सासूबाई. सासूला आमच्याकडं आत्ती म्हणतात. शेत पावसाळ्यापुरतं. बाकीचे महिने हे जंगलात सागाचे ओंडके ओढायच्या कामाला जायचे.

कुणी विचारील, घरातली गोष्ट चारचौघांत कशाला? विचारोत. ज्या घरात एखादं मूल तोंड उघडं टाकून झोपतं आणि झोपेत गुदमरतं, त्या घरातल्या बाईसाठी मी हे लिहिते आहे. बाकीच्यांनी वाचलं काय, न वाचलं काय, मला फरक पडत नाही.

*

झोपेत ती घोरायची. लहान पोराचं घोरणं नव्हे, करवतीनं ओंडका कापावा तसं. मग एकदम आवाज बंद. छाती वर-खाली व्हायची, बरगड्या आत ओढल्या जायच्या, पण वारा आत जायचा नाही. ओठ जांभळे पडायचे. आणि मग मोठा हुंदका देऊन श्वास सुटायचा. पुन्हा घोरणं, पुन्हा बंद. मी तिला उताणी निजवायचं सोडून दिलं. भिंतीला टेकून बसायची आणि तिला माझ्या छातीवर उभी धरून झोपवायची. तसं धरलं की श्वास जरा कमी अडायचा. कित्येक महिने मी आडवी होऊन झोपले नाही.

दिवसा तिचं तोंड कायम उघडं असायचं. डोळ्यांखाली काळं, नाक चोंदलेलं, बोलणं नाकातून. हाक मारली तर निम्म्या वेळा बघायची नाही. एवढी मोठी होऊन अंथरूण ओलं करायची. मी तिला राखेत बोटानं अक्षरं काढून दाखवायची, तर 'क' काढता काढता तिचा डोळा लागायचा.

वाडीत ज्याला जे दिसलं ते त्यानं नाव ठेवलं. खुळी. आळशी. आईनं लाडावलेली. हाक मारली की मुद्दाम न ऐकणारी. पेठेतल्या दवाखान्यात दाखवलं, तिथं पोटातली पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली म्हणून हिवतापाचं कोयनेल दिलं. त्यांचीही चूक म्हणवत नाही. आमच्या मुलखात ज्याला त्याला हिवताप, ज्याच्या त्याच्या पोटात पानथरी. कडू औषध घेऊन घेऊन शेवंतीच्या कानात भुणभुण व्हायला लागली, झोप होती तशीच राहिली.

आत्तींचं म्हणणं वेगळं. "पोरगीला बाधा हाय. न्हाईतर निजल्यावर तिचा गळा कोण धरतंय?"

खरं सांगायचं तर त्यांच्या बोलण्यातच सगळ्यात जास्त अर्थ होता. बाकीचे पोरीला दोष देत होते. आत्ती निदान म्हणत होत्या, की तिचा गळा कुणीतरी धरतंय. आमचं भांडण होतं ते सोडवायचा कसा, यावरून.

*

लावणीचे दिवस होते. आत्तींनी देवळात गुरवाकडून कौल लावून घेतला आणि देवानं उजवा, म्हणजे होकाराचा, कौल दिला, असं सांगत घरी आल्या. पोरीच्या छातीवर तापल्या सळईचा डाग द्यायचा. डाग देणारी म्हातारी त्याच दुपारी यायची होती.

मी म्हटलं, "आत्ती, पोरीला ताप न्हाई, पोटात दुखत न्हाई. डाग कशाला?"

"आत बसलंय ते बाहीर काढाय."

"आणि पोरीनं जीव सोडला म्हंजे?"

"माझ्या भावाला दिला हुता. जगला का न्हाई?"

हे अंगणात बैलाच्या खुरातला काटा काढत बसले होते. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी मान वर केली नाही. "आई सांगतीया तर..." एवढं म्हणून थांबले.

म्हातारी आली. चुलीत सळई घातली. शेवंती मागच्या पडवीत भिंतीला टेकून झोपली होती, तिला काही ऐकू गेलं नव्हतं. सळई लाल होताना मी पाहिली आणि मग मी विचार करायचं सोडून दिलं. शेवंतीला उचललं, पाठीवर टाकलं, लुगडं खोचलं आणि मागच्या दारानं खाचरात उतरले. चिखल केलेला, पाणी भरलेलं खाचर. मधोमध जाऊन गुडघाभर चिखलात उभी राहिले.

लावणी करणाऱ्या बाया रोपं हातात धरून बघत राहिल्या. म्हातारी चिमट्यात सळई धरून बांधावर आली, तिच्यामागं आत्ती.

"बाहीर ये गे!"

"या की तुम्हीच आत," मी म्हटलं.

पाऊस चालू होता. सळईवर थेंब पडून चर्र चर्र वाजत होतं. म्हातारी चिखलात उतरायला तयार नव्हती आणि आत्तींचे गुडघे धरलेले. बघता बघता सळई काळी झाली. म्हातारीनं ती झटकली आणि म्हणाली, "असल्या सुनंच्या घरात मी परत याची न्हाई." मला तेवढंच हवं होतं.

शेवंती पाठीवर जागी झाली आणि विचारलं, "आये, आपण लावणी कराय आलो?" मी म्हटलं, "व्हय."

त्या दिवसापासून आत्ती माझ्याशी थेट बोलेनात. भिंतीकडं बघून बोलायच्या, मी ऐकायचं. हे दोघींच्या मध्ये बसून मुकाट जेवायचे.

*

गणेशचवथीला माझा भाऊ आला. आम्ही त्याला दादा म्हणतो. जेवणं झाली, शेवंती ओसरीवर कलंडली आणि घोरायला लागली. दादा पान लावत होता. आवाज बंद झाला तसा त्याचा हातही थांबला. श्वास पुन्हा सुटेपर्यंत तो तसाच बसून राहिला. मग म्हणाला, "हे रोजचं हाय?"

"रोजचं."

"बेळगावला मोठ्या दवाखान्यात ने. तिथं नाका-घशाचं बघणारा डॉक्टर आलाय म्हणत्यात. ओढ्यांचं पाणी उतरलं की नीघ. मी खानापुरात गाडीत बसतो."

भिंतीकडं बघून आत्ती म्हणाल्या, "देवाचा कौल मोडला. आता बेळगाव. जाणारीनं जावं. परत येताना देवाम्होरं नाक घासून मगच माझा उंबरा ओलांडायचा."

मी म्हटलं, "परत येते तवा बघू."

हे जा म्हणाले नाहीत, जाऊ नको म्हणाले नाहीत. निघायच्या सकाळी मात्र बघितलं, तर बैलगाडीत पेंढा चांगला जाड अंथरलेला आणि पेंढ्याचीच भिंतीसारखी एक गुंडाळी एका बाजूला बांधलेली. शेवंतीला टेकून बसता यावं म्हणून. मी ते बघितलं आणि त्यांनी मी बघितलेलं बघितलं. आमच्या घरात प्रेम असंच चालतं.

गाडीवान आमच्याच वाडीतला. वाटेत मुक्काम करत जगलबेटवरून लोंढ्याला आलो आणि आगगाडीत बसलो. खानापूरला दादा चढला. शेवंती आगगाडीत आयुष्यात पहिल्यांदा बसली आणि ती पूर्ण वेळ झोपली.

*

दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकं होती आणि बाकांवर गर्दी. आमचा नंबर लागेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. शेवंती माझ्या मांडीवर डोकं ठेवून निजली. मी तिला उभी धरायला गेले, पण शेजारी जागा नव्हती, म्हणून तशीच राहू दिली. ती घोरायला लागली. लोक वळून बघायला लागले. एका बाईनं आपलं पोर उचलून पलीकडं नेलं.

आणि श्वास अडला.

डॉक्टर एका खोलीतून दुसरीकडं चालले होते. काळा कोट, हातात कागद. ते आमच्यापुढून गेले, चार पावलं जाऊन थांबले आणि परत आले. मी शेवंतीला हलवायला हात उचलला, तर म्हणाले, "बाई, उठवू नका. मला बघू द्या."

ते बाकापुढं उकिडवे बसले. एवढा मोठा माणूस, कोट जमिनीला लागतोय, आणि तिच्या छातीकडं बघतोय. हुंदका देऊन श्वास सुटला. पुन्हा घोरणं, पुन्हा बंद. त्यांनी खिशातून छोटा आरसा काढला आणि तिच्या नाकाखाली धरला. आरसा कोरडा. तोंडापुढं धरला, तेव्हा कुठं त्यावर वाफ आली.

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. निजताना घाम येतो का? मानेला, डोक्याला? सकाळी डोकं दुखतं म्हणते? जेवायला फार वेळ लावते? अंथरूण ओलं होतं? हाक मारल्यावर बघत नाही?

मी प्रत्येकाला हो म्हणत गेले. ज्या गोष्टींना वाडीनं वेगवेगळी नावं ठेवली होती, त्या हा माणूस एका दमात, एकामागून एक, न बघता सांगत होता. जणू आमच्या घरात राहून गेला होता.

तिला जागी करून आत नेलं. डॉक्टर तिच्या पाठीमागं गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "शेवंती, गूळ पाहिजे का?" ती समोर भिंतीकडं बघत राहिली. जरा मोठ्यानं म्हणाले. तशीच. पार ओरडले तेव्हा वळली आणि म्हणाली, "पायजे."

मग त्यांनी तिच्या तोंडात बोट घालून टाळूच्या मागं चाचपलं. शेवंतीनं कडाडून चावलं. डॉक्टरांच्या बोटातून रक्त आलं. मी घाबरून हात जोडले, तर ते हसत बोट धुवायला गेले. "हिच्यात जोर आहे. चांगली गोष्ट आहे."

त्यांनी मला आणि दादाला समोर बसवून सांगितलं. "नाकाच्या मागं, टाळूच्या वर, मऊ मांस असतं. लहान मुलांना असतंच. हिचं फार वाढलंय. नाकाची वाट बंद झाली. कानाची वाट तिथंच उघडते, तीही बुजली. जागेपणी ही तोंडानं निभावून नेते. झोपेत घसा सैल पडला की तीही वाट अडते. मग जीव वाचवायला हिला दर थोड्या वेळानं जागं व्हावं लागतं. ही पोर झोपत नाहीच, बाई. रात्रभर श्वासासाठी झगडते आणि दिवसा पेंगते."

"म्हंजे ती खुळी न्हाई?"

"खुळी? हिच्या जागी मी असतो तर मला माझं नाव आठवलं नसतं."

मी बाहेर येऊन व्हरांड्यात बसले. लोक म्हणतात, अशा वेळी आईला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. मला तसं काही वाटलं नाही. मला राग आला. जेवढ्यांनी तिला खुळी म्हटलं होतं तेवढ्यांचे चेहरे माझ्यापुढून गेले. हे पोर रोज मरणाशी कुस्ती खेळून सकाळी उठत होतं, आणि लोक त्याला आळशी म्हणत होते. त्या दिवशी मी ठरवलं, की ह्यापुढं कुणापुढं मान खाली घालायची नाही.

*

उपाय एकच होता. क्लोरोफॉर्म देऊन ते मांस काढायचं. आणि डॉक्टरांचं म्हणणं, बापाची संमती हवी.

"आईची चालत न्हाई?" मी विचारलं. "मला सही येती."

"बाई, मला तुमची चालेल. उद्या घरात तुम्हाला चालवून घेणार नाहीत. त्यांना बोलवा."

दादा लोंढ्याला गेला, तिथून गाडीवानाबरोबर निरोप धाडला आणि आपल्या दुकानाला परतला. तोवर आम्ही दवाखान्यातच राहिलो. सकाळी झाडलोट, मग डॉक्टरांची फेरी, मग दुपारचा भात आणि पातळ आमटी. शेवंतीच्या शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती. ती तिच्या घोरण्याला कंटाळून रोज शिव्या द्यायची आणि आपल्या वाटचं केळ रोज तिलाच द्यायची.

हे आले ते तसेच रानातल्या कपड्यांनी. डोळे लाल. आल्या आल्या म्हणाले, "आईनं सांगितलंय, पोरगीला कापू द्यायची न्हाई."

"आणि तुम्ही काय सांगताय?"

ते खाटेच्या कडेला बसले. मग म्हणाले, "पयल्या पोराला मी मातीत ठिवलं. ह्या हातानं. आता ह्याच हाताचा अंगठा द्यायचा आणि ती शुद्धीवर न्हाई आली तर? मी काय करू, सांग. हात तोडून टाकू?"

ते इतकं लांब वाक्य माझ्याशी पहिल्यांदाच बोलले होते. पोरं क्लोरोफॉर्ममधून उठत नाहीत, असं त्या व्हरांड्यात मीही ऐकलं होतं. डॉक्टरांनीही धोका नाही असं म्हटलं नव्हतं. कमी आहे, एवढंच म्हणाले होते.

शेवंती दुपारची झोपली होती. मी म्हटलं, "तिच्याकडं बघा. तिचा श्वास बंद झाला की तुम्हीबी नाक-तोंड दाबून धरा. तिचा सुटला की तुमचा सोडा."

"काय खूळ हाय हे?"

"धरा."

घोरणं थांबलं. ह्यांनी एका हातानं नाक-तोंड गच्च दाबलं. शेवंतीची छाती हलत होती, वारा आत जात नव्हता. ह्यांचा चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा फुगल्या. ओंडके ओढणारा माणूस, छाती केवढी. तरी त्यांचाच दम आधी सुटला. धापा टाकत ते खाटेला धरून बसले. शेवंतीचा श्वास त्यानंतरही अडलेलाच होता. मग कुठं तिचा हुंदका आला.

पुन्हा बंद झाला तेव्हा त्यांनी दाबून बघितलं नाही. उठले. म्हणाले, "कुठं द्यायचाय अंगठा?"

*

आत नेताना शेवंतीनं माझा पदर सोडला नाही. नर्सबाई कारवारकडची होती. तिनं पदर सोडवला नाही, त्याचं टोक तसंच शेवंतीच्या मुठीत राहू दिलं आणि मला दारापर्यंत येऊ दिलं. तिथं म्हणाली, "तुम्ही हांगाच, इथंच, उभ्या राहा. तिनं हाक मारली तर ओ द्या."

दार लागलं. आतून शेवंतीची किंकाळी आली, "आये!"

"ओ!" मी म्हटलं.

"आये!"

तिला ऐकू येत नाही, हे मला माहीत होतं. मी दाराला तोंड लावून पोटातून ओरडले, "ओ! हाय मी, हाय!" व्हरांडाभर लोक उठून उभे राहिले. एक शिपाई धावत आला, "ओ बाई, हा दवाखाना हाय," म्हणाला. मी त्याच्याकडं नुसतं बघितलं आणि पुन्हा ओरडले. हे येऊन माझ्या आणि शिपायाच्या मध्ये उभे राहिले. शिपाई गेला.

मग आतून हाक येईना. मी तरी ओ देत राहिले. आवाज बसेपर्यंत.

दार उघडलं तेव्हा शेवंतीची हनुवटी, मान, नर्सबाईचा पांढरा झगा, सगळं रक्तानं माखलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, "झालं. आहे, जिवंत आहे. रक्त ओकेल, घाबरू नका." ती शुद्धीवर आली, काळं रक्त ओकली, आणि फुटक्या आवाजात पहिलं वाक्य बोलली, ती एक शिवी होती. शेजारच्या म्हातारीची शिवी, जशीच्या तशी. म्हातारी पदरात तोंड घालून हसली आणि मग रडली.

रक्त थांबायला वेळ लागला. ते तास मी लिहिणार नाही. ज्या बाईवर ही वेळ येईल तिला एवढंच सांगते: भीती वाटेल, खूप वाटेल. वाटू दे. पाय लटपटले तरी माणूस दाराशी उभं राहू शकतं.

दुसऱ्या दिवशी जेवण म्हणून थंड पेज दिली, आणि ती झोपली. उताणी. तोंड मिटून.

मी आणि हे दोघं दोन बाजूंना बसलो होतो. आवाज नाही. घोरणं नाही, घरघर नाही. एवढी शांतता आम्ही त्या पोरीजवळ कधी ऐकलीच नव्हती. हे एकदम उठले. "श्वास न्हाई! अगं, श्वास न्हाई तिला!" म्हणून त्यांनी तिचे खांदे धरून गदागदा हलवलं.

शेवंतीनं डोळे उघडले आणि खेकसली, "निजू दे की, बा!"

ते मागं खाटेवर बसले ते बसलेच. मी तिच्या नाकाखाली बोट धरलं. दोन्ही नाकपुड्यांतून ऊन वारा येत होता, अगदी हलका. मी बोट तसंच धरून ठेवलं. मग ह्यांचा हात ओढला आणि त्यांचंही बोट तिथं धरलं.

*

परतताना लोंढ्यापुढं बैलगाडी रानात शिरली तशी शेवंती नाक वर करून इकडं तिकडं बघायला लागली. "आये, हे काय हाय?"

"काय?"

"हे... नाकात येतंय ते."

कुठंतरी साग कापत होते, त्याच्या ओल्या भुशाचा वास येत होता. तिचा बाप रोज तो वास अंगावर घेऊन घरी यायचा. तिला तो कधी आलाच नव्हता.

वाडीच्या तोंडाशी, देवळापुढं, आत्ती उभ्या होत्या. गुरव, आणि गावातली दोघं-तिघं वडीलधारी माणसं. आत्तींच्या हातात नारळ. आज त्या भिंतीकडं नाही, माझ्याकडं बघून बोलल्या. "कौल मोडून गेलीस. देवाम्होरं नाक घास. माफी माग, मग घरात ये."

मी गाडीतून उतरले. नारळ घेतला, गुरवाच्या हातात दिला. "ह्यो देवाला. पोरगी सुखरूप आणली म्हणून. माफी मागणार न्हाई."

"देवापरीस मोठी झालीस काय?" गुरव म्हणाला.

"न्हाई. श्वास त्यानंच दिलाय. त्याची वाट बुजली हुती, ती मोकळी करून आणली. ह्यात कसली माफी? आणि आत्ती, उंबरा तुमचा हाय. नगो म्हणत असाल तर मी गोठ्यात राहीन. तुमची नात मातूर आत येणार."

मला वाटलं होतं, हे नेहमीसारखे गप्प राहतील. ते गाडीवरून म्हणाले, "गोठ्यात राह्याचं तर आमी तिगंबी राहू." आणि बैल घराकडं वळवले.

गोठ्यात राहावं लागलं नाही. पण आत्ती त्यानंतर कितीतरी दिवस नीट बोलल्या नाहीत. गुण देवाचा आला, असं त्या आजही सगळ्यांना सांगतात. सांगोत. संध्याकाळी शेवंतीच्या पाठीला तेल लावताना त्या तिच्या श्वासाला कान लावून बसतात, ते मी बघितलं आहे.

सगळं सोन्यासारखं झालं असं मी म्हणणार नाही. तोंड मिटून राहायची सवय लावताना तिला आणि मला दोघींनाही रडू आलं. पहिल्याच पावसाळ्यात सर्दी झाली, आणि ते घोरणं पुन्हा ऐकून मी तिला छातीवर उभी धरून भिंतीला टेकून बसले. सर्दीबरोबर ते गेलं. डावा कान अजून थोडा जड आहे. पण अंथरूण कोरडं राहायला लागलं, ती ताटावर बसून शेवटच्या भातापर्यंत जेवायला लागली, आणि त्या वर्षी राखेत लिहायला शिकली ती इतक्या झपाट्यानं, की चुलीत राख पुरेना.

हे लिहीत असताना ती शेजारी येऊन वाचत होती. आता मोठी झाली आहे. म्हणाली, "आये, मी खुळी हुते असं कुठं लिवू नगो हां." मी म्हटलं, "लोक म्हणत हुते असं लिहिलंय." "मग त्यांची नावंबी लिव की." नावं मी लिहिली नाहीत. तिची इच्छा मात्र होती, हे लिहून ठेवते.

गेल्या महिन्यात अणशीहून एक बाई चालत आली. काखेत पोर, पोराचं तोंड उघडं, डोळ्यांखाली काळं. कुणाकडून तरी ऐकून आली होती. पोर तिच्या खांद्यावर झोपलं आणि तो आवाज सुरू झाला. मला डॉक्टरांनी जे विचारलं होतं, ते सगळं मी तिला विचारलं. मी डॉक्टर नाही, तिचं पोर कशानं गुदमरतंय हे मला ठाऊक नाही. पण कुठं जायचं, ते मला ठाऊक आहे. लोंढ्याची वाट सांगितली, खानापुरातलं दादाचं दुकान सांगितलं, व्हरांड्यात पोर झोपलं तर उठवायचं नाही, हे सांगितलं.

ती सगळं ऐकत होती. मग तिचा चेहरा पडला. "आक्का, घरात कुणालाच सांगून आली न्हाई मी. सासरा, दीर... बेळगावला जाते म्हटलं तर पाय मोडून ठिवतील. घरात काय सांगू?"

मी तिच्या पोराला तिच्या खांद्यावर नीट उभं धरून दिलं आणि म्हटलं, "परत आल्यावर सांग."